बॅगेतून आलेला काळा मासा

मी एक जुना काळा मासा आहे. दापोडीत रेल्वे रुळांना लागून असलेल्या गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात, खिडकीखालच्या प्लॅस्टिकच्या टबात मी सहा वर्षं एकटा राहतो आहे. माझे डोळे जन्मापासूनच बाहेर आलेले. घरी येणारे म्हणतात, हा सारखा घाबरल्यासारखा का बघतो? मित्रांनो, मी घाबरलेलो नाही. माझ्यामुळे या घरात जे घडलं, ते मी याच डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझा जन्म थायलंडमधला. तिथल्या सिमेंटच्या हौदात आम्ही हजारो भावंडं होतो. एका पावसाळ्यात आमच्यात साथ आली. अंगावर मिठाच्या खड्यांसारखे पांढरे ठिपके उठायचे आणि दोन-चार दिवसांत मासा उलटा तरंगायचा. मी वाचलो. रोग अंगातून निघून गेला असं तिथल्या लोकांना वाटलं. तो गेला नव्हता; फक्त माझं काही बिघडवेनासा झाला होता.

बँकॉकच्या शोभेच्या माशांच्या बाजारात मिनलने मला पाहिलं आणि आणखी दोघांसोबत विकत घेतलं. चाकणच्या एका कंपनीत ती गाड्यांचे सुटे भाग तपासायची. कंपनीने तिला आणि तिच्या मैत्रिणीला, मोनिकाला, तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. मी पिशवीत पोहत होतो तेव्हा ती मोनिकाला घरचं सांगत होती. पाच महिन्यांपूर्वी तिची आई, सोजरबाई, वारली होती. वडील किसन कारखान्यातून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून ते कुणाशी बोलत नव्हते. फक्त आईने सात वर्षं सांभाळलेल्या चार केशरी माशांना सकाळ-संध्याकाळ खायला घालायचे. त्यांच्यात नवे मासे आणून सोडले तर पप्पांना जरा हुरूप येईल, असं मिनलला वाटत होतं.

परवानगीशिवाय जिवंत प्राणी विमानातून नेता येत नाही, असं मोनिकाने तिला बजावलं. मिनल म्हणाली, तीन तर मासे आहेत, कुणाला कळतंय.

आम्हा तिघांना तिने दुहेरी पिशवीत घातलं. दुकानदाराने हवा भरून तोंड रबराने आवळलं. मग टॉवेलात गुंडाळून, डब्यात घालून आम्हाला मोठ्या बॅगेत ठेवलं. तो प्रवास मी कधी विसरणार नाही. काळोख, गारठा, आणि आमच्याच घाणीने जड होत गेलेलं पाणी. माझी जोडीदारीण तोंड वर करून हवा ओढत राहिली, मग थांबली. दुसरा कधी गेला ते मला कळलंच नाही. दापोडीत डबा उघडला तेव्हा मी दोन मेलेल्या माशांच्या मध्ये होतो.

सकाळची वेळ होती. किसन दूध आणायला गेले होते. मिनलने मेलेले दोघं कागदात गुंडाळून बाजूला केले, आणि ते परत यायच्या आत घाईघाईने मला मोठ्या काचेच्या पेटीत सोडलं. ते चार केशरी मासे माझ्याभोवती जमले. सर्वांत मोठ्या मादीचं नाव राणी. तिने मला हुंगल्यासारखं केलं आणि स्वतःची शेवाळाची जागा मला दिली. जन्मात पहिल्यांदा मला कुणी जागा दिली होती.

किसन आले. दुधाची पिशवी हातात तशीच धरून काचेसमोर उभे राहिले. पाच महिन्यांत हसले नव्हते, ते हसले. काळा आहे, पण डौलदार आहे, म्हणाले. मग जुन्या सवयीने त्यांनी विचारलं, "वेगळा ठेवला होतास ना काही दिवस?"

नवा मासा पंधरा-वीस दिवस बादलीत वेगळा ठेवायचा, हा त्यांचा नेम होता. मिनलला तो लहानपणापासून ठाऊक होता. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते हसू तिला मोडवेना.

"हो पप्पा. तिकडच्या दुकानदाराने महिनाभर वेगळाच ठेवला होता."

मला ओरडून सांगायचं होतं. पण माशाला आवाज कुठून असणार?

आठ दिवस घराचं रूपच पालटलं. किसन खुर्ची ओढून पेटीसमोर बसायचे. सोजरबाई कणकेच्या बारीक गोळ्या कशा करायच्या, राणी त्यांच्या बोटातून कशी खायची, हे मिनलला सांगायचे. कामावरून आल्यावर ती तासन्‌तास ऐकायची. नवव्या दिवशी राणीच्या शेपटीवर पहिला पांढरा ठिपका दिसला.

पुढचं फार भराभर झालं. किसनने पाण्यात मीठ घातलं, हीटर लावला, पिंपरीला भैरूच्या माशांच्या दुकानातून औषध आणलं. भैरूने त्यांना एकच गोष्ट विचारली, की नवीन कुठला सोडला का. किसन म्हणाले, सोडला, पण तो महिनाभर वेगळा ठेवलेला होता. पोरीने स्वतः सांगितलंय. भैरूने त्यावर भरवसा ठेवला आणि पाण्यातच दोष असेल म्हणत चुकीचंच कारण शोधत बसला. दोन दिवस गेले. एक मासा गेला, मग दुसरा, मग तिसरा. माझ्या अंगावर एक ठिपका नव्हता. मी त्यांच्यामधून धडधाकट पोहत होतो आणि मला स्वतःची किळस येत होती.

राणी शेवटी राहिली. ती तळाशी आडवी पडली तेव्हा मिनल पेटीसमोर खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. वेगळा ठेवला नव्हता, दुकानदाराची गोष्ट खोटी होती, दोन मासे वाटेतच मेले होते.

किसन रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी राणीला तळहातावर घेतलं. ती तिथेच शांत झाली. मग ते म्हणाले, "तुझी आई गेल्यावर ह्यांना खायला घालायचं म्हणून सकाळी उठत होतो. एवढंच कारण होतं गं मला."

मिनलला माझं तोंड पाहवेना. दुसऱ्या दिवशी मला डब्यात घेऊन ती नदीकडे निघाली. किसनने तिला दारातच अडवलं.

"नदीत नको सोडू. तिथले मासेपण मरतील."

"मग काय करू याचं?"

"जगू दे. त्याला काय माहीत होतं."

मित्रांनो, मला माहीत होतं. माझ्यासमोर माझी भावंडं गेली होती. पण ते वाक्य किसनने माझ्यासाठी म्हटलं, आणि ते मी आजवर सांभाळून ठेवलं आहे.

तेव्हापासून मी या टबात आहे. मोठी पेटी मिनलने दुसऱ्याच महिन्यात भंगारवाल्याला देऊन टाकली. किसन सकाळी उठायचे बंद झाले. मिनल चहा करून उशाशी ठेवायची, तो थंड व्हायचा. त्यांच्या तोंडून मला पुन्हा एक शब्द ऐकू आला नाही. दुसऱ्या वर्षी ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय.

ती अजून चाकणला जाते. दर रविवारी माझं पाणी बदलते, दाणे टाकते, आणि टाकताना दुसरीकडे बघते. मी तिला दोष देत नाही. वडिलांना हसवायचं होतं तिला, दुसरं काही नाही. पण 'मला माफ करा' असं ती कुणाला म्हणणार? ज्यांना म्हणायचं, ते राहिले नाहीत.

म्हणून तुम्हाला विनवतो. परदेशातून घरच्यांसाठी काही आणावंसं वाटलं तर आणा. कापड आणा, खाऊ आणा. बॅगेत कोंडून जीव आणू नका. त्याच्यासोबत काय येतं, ते विकणाऱ्याला कळत नाही आणि घेणाऱ्यालाही कळत नाही. आणि एवढं करूनही चूक झालीच, घरातलं माणूस समोर उभं राहून विचारू लागलं, तर त्याच्या हसण्याकडे पाहून खोटं सांगू नका. मिनलने पहिल्याच सकाळी खरं सांगितलं असतं, तर मला लगेच बादलीत वेगळं काढता आलं असतं. किसनचं हसू गेलं असतं. फार तर संध्याकाळपर्यंत.