कुरवंड्याच्या हिरीचा झुलणारा पाय

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे. पण आयुष्यात एकही खिळा ठोकलेला नाही, हे आधीच सांगते. माझं डोकं रबराचं. लोणावळ्याच्या डॉक्टर लीलाबाईंनी मला मुंबईहून आणलं, त्याला वीस वर्षं झाली. रोग्याच्या गुडघ्यावर टकटक करायची आणि पाय कसा उडतो ते त्यांना दाखवायचं, एवढंच माझं काम. बाकीचा वेळ मी बॅगेतल्या कापसात पडून असायचे. बाहेर धुकं, आत स्पिरिटचा वास. मला छान गुंगी यायची.

१९६४ साली एका सकाळी जवळच्याच कुरवंडे गावाच्या वरच्या वाडीतून हिरीला डोलीत घालून आणलं. जेमतेम विशीची पोर. तिची तान्ही लेक सासूच्या, पुतळाबाईच्या कडेवर होती. नवरा बुधा मान खाली घालून उभा होता.

"डॉक्टरीणबाई, लोक म्हणत्यात सून दारू पिती," पुतळाबाई म्हणाली. "थेंब बी पीत न्हाई वो. पर चार दिस झालं, उभी ऱ्हायली की झोकांड्या जात्यात. बोलती ते बी बोबडं. काल लेक हातातनं सुटली. मी झेलली म्हून वाचली!"

हिरी रडायला लागली. लेकीला पुन्हा उचलून घेता येईल का, एवढंच तिला हवं होतं.

लीलाबाईंनी सांगितलं, तरी तिला स्वतःच्या नाकाला बोट लावता येईना. बोट गालावर जायचं. मग लीलाबाईंनी मला उचललं. गुडघ्यावर टकटक केल्यावर पाय एकदा उडून थांबायला हवा. हिरीचा पाय झुलतच राहिला, रिकाम्या पाळण्यासारखा. मी घाबरले.

"मावशी, महिन्याभरात हिला काही आजार झाला होता?"

"न्हाई. लय बेस व्हती."

लीलाबाईंनी मला बाजूला ठेवलं आणि खुर्ची पुतळाबाईजवळ ओढली. मग म्हणाल्या, "बरं, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला होता का?"

पुतळाबाईचा चेहरा उजळला. "व्हय तर! आईसायब आल्या व्हत्या हिच्या अंगावर, पान्याचं बारकं फोड घिऊन. दहीभात दावला आन् वाटंला लावलं."

म्हणजे कांजिण्या! घरी आलेल्या देवीला आजार कोण म्हणेल? म्हातारी खोटं बोललीच नव्हती.

"बुधा," लीलाबाई म्हणाल्या, "कांजिण्यांशी लढणारी हिच्या शरीरातली फौज लढाई संपली तरी थांबली नाही. ती हिच्याच मेंदूवर उलटली आहे. तोल सांभाळणारा भाग सुजलाय. हे क्वचितच होतं, पण औषध आहे."

त्याच दिवशी हिरीला पुण्याच्या इस्पितळात नेलं. तिथे स्टिरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली. मी कापसात पडून राहिले, पण माझ्या स्वप्नात तो पाय झुलत राहायचा.

दिवाळीनंतर हिरी दवाखान्यात आली ती चालत. दारातच तिने सासूच्या कडेवरून लेक घेतली. पुतळाबाई दोन्ही हात खाली पसरून उभी राहिली, न जाणो म्हणून. बराच वेळ उभी राहिली.

आता माझं रबर तडकलंय. नवी हातोडी आली आणि मी खणात गेले. माझं काही मागणं नाही. पण मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालं आणि रोग्याच्या माणसांनी "काही झालं नव्हतं" असं सांगितलं, तर त्यांच्यावर चिडू नका. खुर्ची जवळ ओढा आणि घरात काय काय घडलं, ते विचारा.