बंद घरांची हिरवी नोंद

मित्रांनो, आरोग्य केंद्राच्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, मोडक्या वजनकाट्यामागे पडलेला मी एक जुना टॅब आहे. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे. बॅटरी फुगून पाठ वर आली आहे, म्हणून मला पालथे ठेवतात. कपाटाचे दार नीट लागत नाही, त्यामुळे बाहेरच्या खोलीतले सगळे बोलणे मला ऐकू येते. ऐकायचे आणि गप्प बसायचे, एवढेच काम आता मला उरले आहे.

तुम्हाला वाटेल, हा म्हातारा आता तरुणपणाच्या बढाया मारणार. थोड्या मारीनही. पण जे सांगायचे आहे ते बढाई मारण्यासारखे नाही. ते आठवले की मला आजही माझीच लाज वाटते.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथून मी कोणाच्याही घरी गेलो असतो, गाणी ऐकवली असती, चित्रे दाखवली असती. पण आम्हां चाळीस भावंडांची खोकी उतरली ती आरोग्य खात्याच्या दारात. माझ्या पाठीवर सतरा नंबरची चिठ्ठी चिकटली आणि माझ्यात एक अॅप बसवले गेले. प्रत्येक घरी जाऊन तेच प्रश्न विचारायचे. घरात माणसे किती? कोणाला ताप? जुलाब? डोळे किंवा लघवी पिवळी? ही उत्तरे मुख्य कचेरीतल्या मोठ्या संगणकाकडे जात. तिथली कृत्रिम बुद्धिमत्ता चाळीस जणांची उत्तरे एकत्र वाचायची, साथ कुठे डोके वर काढते आहे ते ताडायची आणि शहराचा नकाशा रंगवायची. लाल भागात त्याच दिवशी पथक पोहोचे. पिवळ्यावर लक्ष राही. हिरव्याकडे कोणी फिरकत नसे, कारण तिथे सगळे ठीक असे.

मला जिच्या हाती दिले तिला सगळे भिंगरी म्हणत. ती आरोग्यसेविका होती. चाळिशीची, किडकिडीत, आणि एका जागी उभी म्हणून राहायची नाही. तिच्या पिशवीत मी, तापमापक, गोळ्यांची पाकिटे आणि पाणी शुद्ध करायच्या थेंबांची बाटली असे दाटीवाटीने राहायचो. बाटलीचे बूच सैल होते. त्या थेंबांचा उग्र वास माझ्या कव्हरला कायमचा चिकटला.

पहिल्या वर्षी आमचा नुसता उदो उदो झाला. टायरच्या गोदामामागे तीन घरांत ताप होता. तीन म्हणजे काही फार नव्हे, कोणी मनावरही घेतले नसते. पण त्या बुद्धीने दुसऱ्या टोकाच्या चार घरांशी त्याची सांगड घातली आणि डेंग्यूची शंका घेतली. दोन दिवसांत टायरांतले पाणी उपसले गेले. साथ उठायच्या आतच बसली. केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी भिंगरीची पाठ थोपटली आणि मलाही फडक्याने स्वतः पुसले. मला खरोखर धन्य धन्य वाटले.

दुखणे सुरू झाले ते एका साध्या गोष्टीवरून. आमच्या भागात दिवसा पुष्कळ घरांना कुलूप असे, कारण माणसे कामाला गेलेली असत. माझ्या अॅपमध्ये ‘घर बंद’ असे उत्तरच नव्हते. सगळ्या प्रश्नांवर खूण केल्याशिवाय ‘पुढे’ हे बटण उजळायचे नाही. भिंगरीने हे पर्यवेक्षकांना विचारले. ते दिवसातून दहा वेळा फोन करून ‘किती झाली?’ एवढेच विचारत, म्हणून सेविकांनी त्यांचे नावच ‘कितीझाली साहेब’ ठेवले होते.

“साहेब, घर बंद असेल तर काय लिहायचं?”

“अगं, बंद घरात आजारी कोण असणार? कोणी आजारी असतं तर दार उघडं नसतं का? ‘कोणी आजारी नाही’ लिही आणि पुढे हो. बरं, आज किती झाली?”

सुरुवातीला भिंगरीला ते पटले नाही. ती संध्याकाळी पुन्हा त्या घरांवर जायची. पण रोज साठ घरांचा नेम, वर लहान मुलांच्या लसी, गरोदर बायकांच्या तपासण्या. तिच्या नाकीनऊ आले. तिसऱ्या महिन्यापासून ती कुलूप बघून उभ्या उभ्या खुणा करू लागली. एका बंद घराला तिला अकरा सेकंद लागत. उघड्या घराला सहा-सात मिनिटे. ती फसवीत होती असे मी म्हणणार नाही. तिला सांगितले ते ती करत होती, आणि बाकीच्या एकोणचाळीस जणीही तेच करत होत्या. अकरा सेकंदांची वेळ माझ्याकडे रोज नोंदली जात होती आणि वरही जात होती. पण त्या बुद्धीला कोणी वेळ बघायला सांगितलेच नव्हते. तिने आमच्याकडून एवढेच शिकून घेतले की या गल्ल्यांतली माणसे फार निरोगी आहेत.

मग कुठेतरी जमिनीखाली पाण्याची नळी फुटली आणि तिच्यात गटाराचे पाणी झिरपू लागले. पाणी दिसायला स्वच्छच होते. त्या नळीवरच्या लोकांना कावीळ होऊ लागली. ज्याला झाली तो कामावर जाईना. घरात करायला कोणी नाही म्हणून कोणी भावाकडे गेला, कोणाला सासरच्यांनी नेले, कोणाला दवाखान्यात ठेवले आणि घरचे तिथेच बसून राहिले. एका गल्लीत सात कुलपे होती, त्यांची पंधरा झाली, मग एकोणीस. जसजशी माणसे आजारी पडत गेली तसतशी गल्ली नकाशावर अधिकच हिरवी होत गेली.

त्या महिन्याच्या बैठकीत भिंतीवर नकाशा लावला होता. डॉक्टरीणबाई आमच्या भागावर बोट ठेवून म्हणाल्या, “हा भाग एवढा हिरवा कसा?”

“तिथली सेविका कामाची आहे, मॅडम,” कितीझाली साहेब म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिंगरीला प्रशस्तिपत्र मिळाले. तिने ते माझ्या कव्हरच्या कप्प्यात घडी करून ठेवले, आणि त्या दिवसापासून मला जरा जड जड वाटू लागले.

त्याच गल्लीत भिंगरीची धाकटी बहीण राहत होती. तिला सातवा महिना होता. लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले होते, त्यामुळे भिंगरी तिला फुलासारखी जपत होती. धाकटी सगळे पाणी उकळून प्यायची. घामाघूम व्हायची. एके दिवशी भिंगरीने मला पिशवीतून काढून नकाशा तिच्यापुढे धरला.

“हे बघ, तुझी गल्ली कशी हिरवीगार आहे. अख्ख्या शहरात अशी नाही. आता या पोटाला घेऊन शेगडीपुढे तासन्‌तास उभी राहू नकोस.”

“नक्की ना, ताई?”

“अगं, हे मशीन चुकत नाही.”

मित्रांनो, मला तोंड असते तर त्या क्षणी मी ओरडलो असतो. पण मी उजेड तेवढा पाडला, तोही हिरवा.

पाच आठवड्यांनी भिंगरी तिच्या दारात गेली तेव्हा धाकटी भिंतीला टेकून बसली होती. अन्न जात नव्हते. भिंगरीने तिला उजेडात आणले आणि खालची पापणी ओढली. डोळे हळदीसारखे पिवळे होते. सेविकेला हे कोणी सांगायला नको होते की गरोदर बाईला अशी कावीळ झाली तर जिवावर बेतते. धाकटीला दवाखान्याच्या गाडीत बसवता बसवताच तिने माझ्यावर खूण केली. कावीळ: होय. त्या गल्लीतली ती काविळीची पहिली नोंद होती.

माझ्या पडद्यावर वरून उत्तर आले: ‘ही नोंद परिसरातील इतर नोंदींशी जुळत नाही. कृपया पुन्हा तपासा.’

भिंगरीने पुन्हा खूण केली. तेच उत्तर आले. तिसऱ्यांदा केली, तेव्हा नोंद ‘संशयास्पद’ म्हणून बाजूला ठेवली गेली. पथक आले नाही. नकाशा हिरवा तो हिरवाच राहिला. भिंगरी माझ्याकडे बघत म्हणाली, “अरे, मी खरं सांगतेय रे. आता खरं सांगतेय.”  एवढ्या वर्षांत ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

मग तिने मला पिशवीत टाकले आणि शेजारच्या उघड्या दारांवर एकच प्रश्न विचारत सुटली: हे बाजूचं घर का बंद आहे? उत्तरे तिने प्रशस्तिपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिली. एकोणीस कुलपांमागे तेवीस काविळी निघाल्या. तो कागद तिने डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपटला. बाईंनी कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला, आणि लगेच पाणीखात्याला फोन लावला. तासाभरात नळी बंद झाली. पुढे ती साथ आटोक्यात आली.

धाकटी मात्र सहाव्या दिवशी गेली. बाळही गेले. भिंगरी कामावर परतली तेव्हा पहिल्यांदा तिने मला हातातही घेतले नाही. मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असतो तर मला भिंतीवर फेकून दिले असते.

तिने चार ठिकाणी अर्ज केले, बैठकीत भांडली, आणि शेवटी अॅपमध्ये ‘घर बंद’ हे उत्तर घालायला लावले. पाठोपाठ नवे टॅब आले आणि मी कपाटात आलो. मला समाधान वाटले. पण नव्यांच्या पोटात काय आहे ते आता बाहेरच्या बोलण्यावरून मला कळते. ‘घर बंद’ वर खूण केली की कुलपाचा फोटो मागतात, कारण मागतात, आणि तीन दिवसांत पुन्हा भेट द्यायला लावतात. त्यातून सुटायला सोपी वाट आहे, पूर्वीसारखे ‘कोणी आजारी नाही’ लिहायचे, आणि ती सगळ्यांनी शोधली आहे. शिवाय आमच्या जुन्या नोंदी त्या बुद्धीने अजून विसरलेल्या नाहीत. त्यांवरच ती शिकली, त्यांवरच नव्यांना तपासते.

काल संध्याकाळी बाहेर हिशेब चालला होता.

“सगळ्यांची बंद घरं शून्य,” कितीझाली साहेब म्हणत होते. “तुझीच एकटीची बारा कशी?”

“कारण मी बघते, साहेब,” भिंगरी म्हणाली.

“तुझ्यामुळे आपल्या केंद्राचा नंबर खाली गेलाय. पुढच्या महिन्यापासून तू औषधांच्या खिडकीवर बस. तुझ्या गल्ल्या नवीन मुलीला देतोय. ती दिवसाला नव्वद घरं करते.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

मित्रांनो, नव्वद घरांना किती वेळ लागतो, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नाही. म्हणून हात जोडून एकच मागणे आहे. जे पाहिले नाही ते ‘पाहिले नाही’ असेच सांगा, मग समोर माणूस असो की यंत्र. आणि आज घरी जाताना शेजारच्या बंद दाराकडे एकदा नीट बघा. किती दिवस झाले, ते आठवून बघा, आणि दार वाजवा.