चोरीची काडी

आपल्या बागेत चोरी व्हावी म्हणून ग्लाफिरा निकितिच्ना गेला आठवडाभर जिवाचं रान करत होती, आणि चोर मेला काही केल्या दाद देत नव्हता.

चोरायचं होतं ते काही सोनंनाणं नव्हे. फाटकाजवळच्या काळ्या स्मोरोदिनाच्या झुडपाच्या चार काड्या, बस. आपल्याकडे ब्लॅक करंट म्हणून आइस्क्रीमच्या कपात मिळते ती हीच. पण त्या कपावरून ग्लाफिराच्या झुडपाची कल्पना करणं म्हणजे त्याचा शुद्ध अपमान आहे. जुलैत त्याला चेरीएवढाली फळं लागत. साल इतकी पातळ की तोडता तोडता बोटं जांभळी होत. चव आधी आंबट, मग गोड, आणि गिळून झाल्यावरही बराच वेळ तोंडात वास रेंगाळत राही. ग्लाफिरा मुरंबा करायची तेव्हा रेल्वेच्या फलाटापर्यंत लोक नाक वर करून चालत.

व्यात्का नदीकाठच्या त्या बागवसाहतीत एक गोष्ट लहान पोरालाही ठाऊक होती. कुणी प्रेमाने दिलेली स्मोरोदिना जगत नाही. चोरून आणलेलीच रुजते. आणि कुणाच्या हातून रोप घ्यायची वेळ आलीच, तर चुकूनही आभार मानायचे नाहीत. मानलेत की रोप वाळलंच म्हणून समजा. ग्लाफिराने स्वतः ही स्मोरोदिना सासूच्या अंगणातून चोरली होती. त्या दिवशी सासू पायरीवर छाटणीची कात्री ठेवून मुद्दाम शेजारी गप्पा हाणायला गेली होती. त्या सासूने ती कुणा पाद्र्याच्या बागेतून पळवली होती. मधल्या काळात ग्लाफिराच्या बहिणीने एकदा रीतसर काड्या मागून नेल्या, वर गळ्यात पडून आभारही मानले. सगळ्या काड्या पंधरवड्यात वाळून गेल्या.

आता ग्लाफिराला सत्त्याहत्तर वर्षं पूर्ण झाली होती. गुडघे बोलू लागले होते. मुलगी रीम्मा तिला शहरात, आपल्या तळमजल्यावरच्या घरी न्यायला टपलेली होती आणि बाग एदिक नावाच्या एका तरुणाला विकली गेली होती. एदिकला तिथे बाष्पस्नानाची खोली बांधायची होती आणि उरलेल्या जागेत हिरवळ.

"आई, माझ्या खिडकीखाली मातीचा पट्टा आहे, तिथे लाव ना काहीतरी," रीम्मा म्हणाली होती.

"स्मोरोदिनाला फळ धरायला तीन वर्षं लागतात," ग्लाफिरा फणकारली. "तोवर माझंच खत झालेलं असेल. या वयात कुणी लावत असतं होय!"

आपण लावायचं नाही हे तिने ठरवूनच टाकलं होतं. पण झुडूप इथल्या मातीत, योग्य हातात राहायला हवं होतं. आणि योग्य हात सगळ्या वसाहतीत एकाच माणसाचे होते. ते म्हणजे कुंपणापलीकडचा शेजारी, अर्सेनी लुकिच.

लुकिचला काड्या लावताना पाहणं हा ग्लाफिराचा शरद ऋतूतला आवडता उद्योग होता. चहाचा पेला घेऊन ती कुंपणाशी उभी राही आणि लाल स्मोरोदिना लावणाऱ्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघत राही. पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी तो निवडायचा. काडी तिरपी खोचायचा, कोंबांचे दोन डोळे मातीच्या वर, बाकीचे आत. मग टाचेने माती दाबायचा, पाणी द्यायचा आणि शेवटी काडी दोन बोटांत धरून हलकेच ओढून बघायचा. काडी जागची हलली नाही की मान डोलवायचा. घाई नाही, फुशारकी नाही. त्याने लावलेलं काही मेल्याचं ग्लाफिराने पाहिलं नव्हतं. स्वतःच्या नवऱ्याचंही तिने कधी इतकं मनापासून कौतुक केलं नव्हतं.

खोट एकच. लुकिच कमालीचा प्रामाणिक होता. उभा जन्म त्याने लोकल गाडीत तिकीट तपासनीस म्हणून काढला होता आणि एकदा तर सख्ख्या मेव्हण्याला दंड ठोकला होता. वसाहतीत त्याचं नाव काढलं की लोक आपोआप खिसे चाचपत.

पहिल्या दिवशी ग्लाफिराने कात्री कुंपणाच्या खांबावर ठेवली, मूठ लुकिचच्या बाजूला करून. संध्याकाळी कात्री परत आली, धार लावून, तेल घालून.

दुसऱ्या वेळी तिने चांगल्या जाड काड्या छाटल्या आणि जुडी त्याच्या फाटकासमोर वाटेत टाकून दिली. तासाभराने लुकिच दारात हजर. काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेल्या.

"ग्लाफिरा निकितिच्ना, तुमच्या पडल्या होत्या वाटेत."

"पडल्या तर पडल्या! मला जाळायच्या होत्या."

"मग जाळा," असं म्हणत त्याने जुडी पायरीवर ठेवली. तिच्या डोळ्याला डोळा न देताच तो निघून गेला.

तिसऱ्या वेळी तिने हातोडी घेऊन कुंपणाची फळीच उचकटली, झुडपाच्या अगदी समोरची. सकाळी बघते तर फळी नव्या खिळ्यांनी ठोकलेली, वर आणखी एक आडवी पट्टीही मारलेली. फुकटात! ग्लाफिराच्या डोक्यात तिडीक गेली, आणि काम इतकं सुबक होतं की तिला त्याचं कौतुकही वाटल्यावाचून राहिलं नाही.

शेवटी तिने सरळच विषय काढला. "लुकिच, तू आयुष्यात कधी काही चोरलंयस का रे?"

लुकिचने चहाचा पेला कुंपणावर ठेवला. कानापर्यंत लाल होत तो म्हणाला, "तुम्ही असं का विचारताय?"

"सहज. माणसाने एकदा तरी चोरून बघावं. तब्येतीला बरं असतं."

"मला कामं आहेत," असं पुटपुटून तो शेडमागे गडप झाला.

इतकं हलकं बोललं तरी माणसाला लागावं! ग्लाफिराने कपाळावर हात मारून घेतला.

गुरुवारी ती कागदांवर सह्या करायला शहरात गेली आणि रीम्माकडे मुक्काम करून शुक्रवारी परतली. बागेचा ताबा शनिवारी द्यायचा होता. फलाटावरून येताना ती मनाशी ठरवत होती, की आज लुकिचला कॉलरला धरायचं आणि सांगायचं, बाबा रे, चोर. मी पाठ फिरवते.

फाटकापाशी येऊन ती थबकली. माती खणण्याचं यंत्र मिळालं म्हणून एदिकने एक दिवस आधीच बाग सपाट करून घेतली होती. फाटकापासून शेडपर्यंत नुसती उघडी काळी जमीन, आणि तिच्यावर चाकांचे चर. झुडपं गाडीत भरून केव्हाच रवाना झाली होती.

एदिक धावत आला. पोरगा वाईट नव्हता. "आजी, तुम्हीच म्हणाला होता ना, जुनी झाडं आहेत, काय हवं ते कर? तुमची राहती खोली जशीच्या तशी आहे हं, हात लावला नाही."

"म्हणाले होते," ग्लाफिरा म्हणाली. तिने खरंच तसं म्हटलं होतं, तोऱ्यात. तिला आता स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. पाद्र्याकडून सासूकडे, सासूकडून तिच्याकडे आलेली गोष्ट तिच्या हातून संपली होती. तिच्या एकटीच्या हातून.

लुकिच टोपी हातात घेऊन उभा होता. "मी ओरडत आलो हो, पण फाटकाजवळचं पहिलंच गेलं. त्या यंत्राच्या आवाजात त्याला ऐकूच येईना. चला, चहा घ्या माझ्याकडे."

इतक्या वर्षांत ती कधी त्याच्या फाटकाच्या आत गेली नव्हती. गप्पा, चहा, भांडणं, सगळं कुंपणावरूनच व्हायचं. लुकिच किटली ठेवायला आत गेला आणि ग्लाफिराला रडू अनावर झालं. त्याच्यासमोर रडायचं नाही म्हणून ती भराभर शेडमागे गेली, हाताला लागेल त्याचा आधार घेतला आणि पोटभर रडली.

रडता रडता तिने नाक पुसलं, आणि हात नाकाशीच थांबला.

हाताला वास येत होता. स्मोरोदिनाच्या सालीचा वास तर कुठल्याही काळ्या स्मोरोदिनाला येतो. पण हा वास शेवटी किंचित गोड होत होता, आणि असा गोड होणारा वास जगात एकाच झुडपाला होता. तिने खाली पाहिलं. कमरेएवढी झुडपं, ओळीने, प्रत्येक तिरपं लावलेलं. पानं गळलेली, पण डोळे टपोरे, जांभळट, काडीपासून जरासे फटकून बसलेले. बुंध्याशी पालापाचोळ्याचं जाड पांघरूण. एकही काडी सुकलेली नाही, एकही डोळा किडका नाही. इतकी देखणी स्मोरोदिना तिची स्वतःची तरुणपणीसुद्धा नव्हती.

मागे पावलं वाजली. लुकिच दोन पेले घेऊन उभा होता आणि त्याचा चेहरा बिनतिकिटाचा पकडला गेल्यासारखा झाला होता.

"तीन वर्षांपूर्वी," तो कसाबसा म्हणाला, "तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा. बागेवर लक्ष ठेव म्हणाला होतात मला. मी लक्ष ठेवलं, आणि... मागायची हिंमत नव्हती. दिलेली जगत नाही म्हणतात."

ग्लाफिराने एकेक शब्द नीट ऐकून घेतला. मग तिचा आवाज चढला.

"म्हणजे दवाखान्यातून आले तेव्हा दिसल्या त्या तिरक्या, स्वच्छ कापलेल्या फांद्या! अरे मेल्या, मला वाटलं मीच छाटल्या आणि विसरले! तेव्हापासून मी विसरभोळेपणाच्या गोळ्या खातेय, रोज सकाळी, कडू जहर!"

"आणि मला वाटलं, तुम्हाला सगळं कळलंय आणि मुद्दाम टोमणे मारताय. कात्री काय, फळी काय. मला रात्रीची झोप नव्हती."

ग्लाफिरा हसू लागली, तेही रडणं पुरतं थांबलेलं नसताना. लुकिचलाही हसू फुटलं आणि दोन्ही पेल्यांतला चहा त्याच्या बुटांवर सांडला.

"थांबा," तो डोळे पुसत म्हणाला, "फावडं आणतो. त्यातलं सगळ्यात चांगलं रोप तुम्हाला खणून देतो. रीम्माच्या खिडकीखाली..."

"खबरदार!" ग्लाफिरा कडाडली. "देतोयस कुणाला? मारायचंय का त्याला?"

फावड्याकडे निघालेला लुकिच मागे वळला. त्याच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. त्याने खिशातून छाटणीची कात्री काढली, शेडच्या कठड्यावर ठेवली, आणि कुणाशीच न बोलल्यासारखं म्हणाला, "पुढच्या बाजूचा पत्रा सैल झालाय. ठोकून येतो. वेळ लागेल."

पत्रा अजिबात सैल नव्हता. तरी पुढून हातोडीचा दणदणाट सुरू झाला, वर लुकिच घसा फोडून गातही होता. भर दुपारी, लख्ख उन्हात, सत्त्याहत्तर वर्षांची ग्लाफिरा निकितिच्ना गुडघ्यांवर बसली आणि चोरी करू लागली. छाती अशी धडधडत होती, की सासूच्या अंगणात काय धडधडली असेल. पेन्सिलीच्या जाडीच्या काड्या तिने निवडल्या, तिरक्या कापल्या आणि कापूस भरलेल्या कोटाच्या आत सरकवल्या. या वयात कुणी लावतं का, हा प्रश्न तिला त्या वेळी आठवलासुद्धा नाही. खिडकीखाली ऊन सकाळचं येतं की दुपारचं, एवढाच विचार डोक्यात होता.

संध्याकाळच्या गाडीला लुकिच तिची बोचकी घेऊन फलाटावर आला. तिच्या कोटाच्या गळ्यातून दोन काड्यांची टोकं डोकावत होती. लुकिचने ती पाहिली, घसा खाकरला आणि जुन्या नोकरीतल्या आवाजात विचारलं, "बाई, कोटात काय आहे?"

"काही नाही."

"बरं," लुकिच म्हणाला आणि तिने टोकं आत ढकलेपर्यंत दुसरीकडे बघत राहिला.

गाडी आली. ग्लाफिरा चढली आणि दारातच वळली. तिला त्याचे आभार मानायचे होते. झुडपासाठी, तिरप्या काड्यांसाठी, त्या पालापाचोळ्याच्या पांघरुणासाठी, हातोडीच्या दणदणाटासाठी. शब्द पार ओठांवर आला होता. तिने कोटावरून काड्या घट्ट धरल्या आणि तो शब्द गिळून टाकला.

दारं लागता लागता ती गर्दीला ऐकू जाईल अशी ओरडली, "चोर कुठला!"

फलाटावरची माणसं वळून बघू लागली. अर्सेनी लुकिचने टोपी काढली आणि गाडी नजरेआड होईपर्यंत हलवत राहिला.