रस्त्याखालचा प्लॉट

मखमलाबाद रोडवरचा तो प्लॉट दिसला की खंडेरावाचं डोकं फिरायचं. प्लॉट कसला, डबकंच ते! कुंभमेळ्यासाठी रस्ता उंच केला आणि देवराम-पुतळाबाईची जागा पार खाली गेली. पावसाळाभर पाणी, एरवी बाभळी आणि डुकरं. पलीकडच्या उंचवट्यावर पत्र्याच्या दोन खोल्यांत म्हातारा-म्हातारी राहत. एवढी मोक्याची जागा अडवून बसलेली ही गबाळी माणसं! प्लॉटची दलाली करणाऱ्या खंडेरावाला त्यांची किळसच यायची.

दोनदा तो विचारून आला. दोन्ही वेळा म्हाताऱ्याने "बघू" म्हणून वाटेला लावलं. मग स्वतःला फार हुशार समजणाऱ्या खंडेरावाने लखनचा ट्रॅक्टर ठरवला आणि पाडकामाच्या विटा, फरशा, माती रोज त्या जागेत ओतायला लावली. घाणीला कंटाळून झक मारत विकतील! पाडव्याला सौदा करून देतो, असा शब्दही त्याने एका बिल्डरला देऊन टाकला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मोबाईलवर त्याच बिल्डरशी बोलत त्याने मोटारसायकल थेट खोलीच्या दाराशी नेली. पेढ्यांचा पुडा ठेवला आणि चपलांसकट खाटेवर बसला.

"काय अवकळा आली हो बाबा जागेला! लोक कचरा टाकतात, तुम्हाला आवरत नाही. हा उकिरडा दुसरं कोण घेणार? मीच म्हणून घेतोय. उगाच भाव खाऊ नका."

देवरामने एक पेढा तोंडात टाकला, एक म्हातारीला दिला. "जागा इकायचीच नाय आता."

"अहो, पण त्या खड्ड्याचं करणार काय?"

"खड्डा कुठं हाय?" पुतळाबाई म्हणाली. "तुम्ही फटफटीवर बसून आले ना दारापोत्तर?"

खंडेरावाने वळून पाहिलं. रस्त्यापासून खोलीपर्यंत जमीन सपाट झाली होती. मागच्या खेपेला याच वाटेवर त्याची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती.

"लखन माझ्या भावाचा नातू," म्हातारी म्हणाली. "पहिल्या खेपेलाच तुमचं नाव सांगितलं त्यानं. म्हटलं टाकू दे. रोज ट्रॅक्टरची फळी मारून सारखं करून जायचा."

"भरावाला पैसा नव्हता, म्हणून तर पडून होती," देवराम म्हणाला. "आता आमची लेक सविता दुकानाचे गाळे काढणार हाय हितं. लय उपकार झाले."

खंडेरावाच्या खिशात मोबाईल वाजू लागला. बिल्डरच असणार. त्याचा हात काही खिशाकडे जाईना.

"तेवढा बाभळीकडचा कोपरा राहिलाय, शेठ," पुतळाबाई पेढा चघळत म्हणाली. "दोन खेपा अजून धाडा."