मोठ्या ताटातली लहान वाटी

मित्रांनो, या घरातल्या भांड्यांत सर्वांत रुंद कोण, असे कोणी विचारले तर खुशाल माझ्याकडे बोट दाखवा. मी एक जुने स्टीलचे ताट आहे. माझ्या काठाला एक पोचा आहे आणि स्वभावात थोडा ताठा. दोन्ही जुनेच.

या घरचा मुलगा बंदरावर क्रेन चालवतो. त्याला नोकरी लागली त्या दिवशी त्याची आई दुकानात गेली आणि "सगळ्यांत मोठं असेल ते द्या," म्हणून मला घेऊन आली. चौऱ्याण्णव पायऱ्या चढून काम करणाऱ्याला पोटभर जेवायला नको का, असे तिचे म्हणणे. तिचा नियम एकच होता. मुलगा उठेपर्यंत माझा तळ दिसता कामा नये. त्याने 'पुरे' म्हणून माझ्यावर हात आडवा धरला, की ती बोटांच्या फटीतून रस्सा सोडायची. त्याला चटका बसायचा, तो हसायचा आणि पुन्हा जेवू लागायचा. मी कधी रिकामे राहिले नाही, हे मी वाट्यांना उठताबसता ऐकवत असे.

वर्षे गेली, घरात सून आली. तो इतका सुटला की खुर्ची कुरकुर करू लागली. रक्तातली साखर वाढली, गुडघे बोलू लागले. एके दिवशी चाळिसाव्या पायरीवरच त्याला धाप लागली. दोन सोबत्यांनी धीर देत देत त्याला खाली उतरवले. साहेबांनी त्याला फाटकावर बसवले, ट्रकचे नंबर लिहायला.

"वरून अख्खं बंदर दिसायचं गं. आता नुसती चाकं दिसतात," जेवताना तो बायकोला म्हणाला. त्याला बरे वाटावे म्हणून आईने आणखी दोन डाव भात वाढला. मित्रांनो, तो भात मीच धरून होते. खोटे कशाला बोलू?

पथ्ये झाली, औषधे झाली. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन करून त्याचे जठर लहान केले. सहा महिन्यांनी तपासणी होईल, दमसास ठीक असेल तर पुन्हा क्रेनवर घेऊ, असे साहेबांनी कबूल केले. तो घरी आला तो नियमांची यादी घेऊनच. काही दिवस फक्त पातळ, मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ. एका वेळी एकच लहान वाटी, तीही अर्धा तास लावून. जेवताना पाणी नाही. पोट भरल्यासारखे वाटले की चमचा खाली. आणि मी? माझी रवानगी स्वयंपाकघरातल्या माळ्यावर, मिक्सरच्या फुटक्या भांड्याशेजारी. माझ्या जागेवर आली एक वाटी, औषधाच्या टोपणापेक्षा जराशी थोराड. माझा अगदी जळफळाट झाला.

पण माळ्यावरून एक गोष्ट मला दिसली, जी खाली कोणालाच दिसत नव्हती. मऊ खाणे सुरू झाले होते. मुलाने मान वळवली की आई वाटीत चमचाभर घालायची. तो बायकोशी बोलू लागला की आणखी एक. त्यालाही वाटे, आज वाटी सरत कशी नाही? पोट भरल्यासारखे वाटे, पण यादीत एक वाटी लिहिलेली होती आणि वाढलेले संपवणारा तो आज्ञाधारक मुलगा होता. चौथ्या दिवशी दुपारी तो छाती धरून उठला. सगळे उलटून पडले. घाम फुटला, चेहरा पांढरा पडला. बायकोने त्याला तडक दवाखान्यात नेले.

टाके शाबूत होते, देवाची कृपा. घरी आल्यावर बायकोने आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला आणि तो टेबलावर सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"नक्की किती खाल्लं होतं?" बाईंनी विचारले.

"एकच वाटी," मुलगा म्हणाला.

आईने पदर तोंडाला लावला. "वाटी एकच होती हो. मी फक्त ती रिकामी होऊ दिली नाही."

मग ती रडू लागली. "एवढा मोठा माणूस एवढ्याशा वाटीवर उठतो. मला बघवत नाही."

बाई तिला रागावल्या नाहीत. "आजी, तुम्ही कधी जेवता?" त्यांनी विचारले.

"सगळ्यांचं झाल्यावर," आई पुटपुटली. ओट्यापाशी उभ्याने, उरलेले गार अन्न, हे तिच्या वतीने मीच सांगितले असते.

"मग उद्यापासून त्याच्याबरोबर बसा. वाढायच्या हाताला दुसरं काम राहील."

दुसऱ्या दिवशी सुनेने स्टूलवर चढून मला खाली काढले, घासूनपुसून टेबलावर ठेवले. माझ्या एका बाजूला त्याची वाटी आणि अर्धे अंडे. दुसऱ्या बाजूला सासूबाईंचा गरम भात. पातेली ओट्यावर, झाकून. "या ताटात आहे तेवढंच. दोघांनी सावकाश जेवायचं," ती म्हणाली. मधोमध माझा तळ उघडा पडला होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण आईने पहिला घास घेतला आणि नवल वाटून म्हणाली, "गरम किती छान लागतं रे!"

मुलगा हसला. त्या दिवसापासून दोघे अर्धा तास बोलत जेवू लागले. कधी त्याला मळमळायचे, कधी जुन्या खाण्याच्या आठवणीने तो चिडायचा. पण रोज संध्याकाळी तो जिने चढायचा आणि आकडा आईला सांगायचा. वीस. पन्नास. सत्तर.

काल तो घरी आला आणि बूटही न काढता म्हणाला, "आई, चौऱ्याण्णव! अख्खं बंदर दिसलं."

आईचे डोळे भरून आले. जेवताना त्याची वाटी संपली तशी ती सवयीने उठली आणि डाव घेऊन आली. वाटीपर्यंत डाव आला, थांबला. मग तिने दुसरा हात स्वतःच वाटीवर आडवा धरला आणि डावातला रस्सा आपल्याच भातावर ओतून घेतला.

म्हणून सांगते मित्रांनो, आपल्या माणसाला जरूर वाढा. पण त्याने हात आडवा धरला की थांबा आणि त्याच्या शेजारी बसून आपले जेवा. माझा तळ आता रोज दिसतो. तो इतका चकचकीत आहे, हे मला माहीतच नव्हते.