दहावर राहिलेली रेंज

माझ्या थोरल्या जाऊबाईंना कारखान्यात सगळे 'काटाबाई' म्हणायचे. मीटरचा काटा केसभर हलला तरी त्यांना दिसायचा. त्यांनीच साहेबांकडे शब्द टाकून मला इस्त्रीच्या कॉइल तपासायच्या कामाला लावलं.

कॉइलला जास्तीचं व्होल्टेज द्यायचं आणि एक मिनिट थांबायचं. करंट एक मिलिअँपिअरच्या वर गळला की बझर वाजतो. तो नग बाद. यंत्राला दोन बटणं, एक रेंजचं, म्हणजे किती मिलिअँपिअरला बझर वाजावा ते ठरवणारं, आणि एक वेळेचं. सकाळी जिने ती लावली, तिचीच सही दिवसभराच्या कागदावर.

त्या दिवशी लेकीच्या शाळेत नाटक होतं. माझं यंत्र दुरुस्तीला गेलेलं आणि अर्धा ट्रे शिल्लक.

जाऊबाई चहाला उठल्या. "बस माझ्या जागेवर, उरक पटकन. बटणांना मात्र हात लावू नकोस हं, नवऱ्यापेक्षा जास्त जपते मी त्यांना!"

मी हात लावलाच. वेळ साठ सेकंदांवरून पाचवर आणली. इतक्या घाईत व्होल्टेज दिलं की चांगल्या नगावरही बझर कोकलतो, म्हणून रेंज एकवरून दहावर नेली. ट्रे संपवला. वेळ आठवणीने परत साठवर ठेवली आणि पळत सुटले. रेंज दहावरच राहिली.

जाऊबाई संध्याकाळपर्यंत त्याच यंत्रावर बसल्या. बझर वाजेना, तर म्हणाल्या म्हणे, "आज माल झकास आलाय."

महिन्याभरात तक्रार आली. इस्त्री करताना एका बाईला शॉक बसला होता, कशीबशी वाचली. साहेबांनी त्या दिवशीचा कागद पुढे धरला. "गळके नग पास झालेत. रेंज कोणी लावली होती?"

"मीच," जाऊबाई म्हणाल्या.

मी चार हातांवर उभी होते. ट्रेमधल्या कॉइल मोजत राहिले. नोकरी जाऊन त्या घरी बसल्या, माझ्या लेकीच्या वेण्या घालू लागल्या. मी पुढे सुपरवायझर झाले.

परवा दुपारी, दोघी शेंगा सोलत असताना, मी सगळं सांगून टाकलं. चाळीस वर्षांनी.

त्यांचे हात थांबले. "म्हणजे मी चुकले नव्हते?"

"नाही."

"अगं, मी अजून गॅस तीनतीनदा बघते. तुझे भाऊजी जाईपर्यंत म्हणत होते, हिच्या हातात काही देऊ नका. आणि मला ते खरं वाटायचं!"

"जाऊबाई, माफ..."

"ते राहू दे. रविवारी सगळी मुलं येणार आहेत ना? सगळ्यांसमोर सांग."

"लेकीसमोर नको हो. तिच्या नाटकासाठीच..."

"तिच्यासमोर तर सांगच. तिलाही वाटतं, काकूच्या हातून घात झाला."

त्या शेंगा तशाच टाकून आत गेल्या. तेव्हापासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. आज शनिवार. लेकीचा फोन येऊन गेला, उद्या काय आणू विचारत होती. काही नको म्हटलं, फक्त वेळेवर ये, मला बोलायचंय.