हिरवी खूण

त्या टिपेखाली एक्केचाळीस जणांनी 'उपयोगी' दाबलं.

द्राक्षाच्या खोक्यावर पेनाने काढलेली विहीर. शेजारी चौकोनी घर, त्यात नाव: सुलाबाई.

फोनच्या तडकलेल्या काचेवर चिकटपट्टी.

टिपेखाली प्रतिक्रिया: 'लय भारी टीप दादा, करून बघते.'

मी तेजस्विनी. नाशिकला घरी बसून एका वेबसाइटचं काम करते. मोबाइल गेमबद्दल लोक टिपा पाठवतात. मी त्या करून बघायच्या, खऱ्या निघाल्या तर हिरवी खूण द्यायची.

चांदवडच्या कुणीतरी लिहिलं होतं: गाव वसवायचा गेम अडकला तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'डेटा साफ करा' दाबा, गाव आपोआप परत येतं. शेवटी, 'चुकलं असेल तर माफी असावी.' इतक्या अदबीने लिहिणारा खोटं कशाला सांगेल? शिवाय एक्केचाळीस.

मी खूण दिली.

रविवारी नवसाबाई आल्या. आईच्या ओळखीच्या, पिंपळगाव बसवंतला द्राक्षं पॅक करतात. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या बायकांनी मिळून एका फोनवर तीन वर्षं गाव वसवलेलं. आधी द्राक्षाच्या खोक्यावर पेनाने काढायचं, मग फोनवर. प्रत्येक घराला एकीचं नाव. सुरगाण्याहून हंगामापुरत्या आलेल्या, पुन्हा न आलेल्यांचीही नावं.

"तू यातली हायेस म्हणून आले. परत येतंय का बघ."

स्क्रीनवर मोकळं माळरान, एक झाड. 'तुमच्या गावाला नाव द्या.'

येणार नव्हतं.

"मावशी, तुम्ही टीप नीट वाचली नसेल," मी म्हणाले.

"तेच. माझंच काय तरी चुकलं. हिरवी खूण होती ना तिला?"

"हो."

"मग. आमच्यातली मीना म्हणत होती, वेबसाइटवाल्यांना धर. म्हटलं, गप. आपली तेजू हाय तिथं, तपासल्याबिगर देत नाय ते."

चहाचा कप त्यांनी स्वतःच विसळला. दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "सुलाबाईला काय सांगू? रस्त्यात गेलं म्हणू घर?"

त्या हसल्या. मीही हसले.

त्या गेल्यावर खूण काढली आणि पहिल्यांदाच खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. धन्यवाद भाऊ. छान माहिती. नक्की करून बघतो. करून बघितलं, असं एकानेही लिहिलेलं नाही. कुणी एवढं कष्टाने लिहिलंय तर आधी चांगलं म्हणायचं, बस.

आकडा आता बेचाळीस. शेवटचं नाव नवसाबाईंचं. डेटा साफ करायच्या आधी दाबलेलं.

टीप आली त्या मंगळवारी माझ्याकडे तपासायला दुसरी एकही टीप नव्हती; करून बघायला अख्खा दिवस होता.